शेक्सपिअरची वादग्रस्त चित्रं: कोणतं टिकतं, कोणतं नाही आणि का

फोलिओवाचक

शेक्सपिअरचं 'खरं चित्र' सापडल्याची बातमी दर काही वर्षांनी येते आणि दर वेळी चर्चा 'चेहरा जुळतो का' इथेच अडकून पडते. चेहरा जुळवणं ही शेवटची पायरी आहे. ती वस्तू किती जुनी, तिच्यावर नंतर कोणी हात फिरवला का, ती कोणाकोणाकडून फिरत आली, हे आधी बघायला हवं. या धाग्यात एकेक चित्र त्याच क्रमाने तपासू या.

चेहरा जुळवायचा झालाच, तर तो कशाशी? शेक्सपिअरला पाहिलेल्या माणसांच्या हयातीत आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तयार झालेल्या दोनच प्रतिमा आपल्याकडे आहेत. दोन्ही बहुधा त्याच्या मृत्यूनंतरच्या (मृत्यू २३ एप्रिल १६१६).

पहिली म्हणजे १६२३ च्या फर्स्ट फोलिओच्या (त्याच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित छापील ग्रंथाच्या) शीर्षकपानावरचं मार्टिन ड्रूशाउटचं कोरीवचित्र. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं. समोरच्या पानावर बेन जॉन्सनची दहा ओळींची कविता आहे: कोरणाऱ्याने चेहरा छान पकडलाय, बुद्धी पकडता आली असती तर काय हवं होतं, तेव्हा वाचका, चित्राकडे नको, पुस्तकाकडे बघ, अशा आशयाची. हा फोलिओ हेमिंग्ज आणि कॉन्डेल या दोन नटांनी सिद्ध केला आणि दोघंही वर्षानुवर्षं शेक्सपिअरच्याच मंडळीत होते. भलताच चेहरा त्यांनी पहिल्या पानावर छापू दिला असता, हे पटत नाही.

दुसरी म्हणजे स्ट्रॅटफर्डच्या, त्याच्या गावच्या, होली ट्रिनिटी चर्चमधला चुनखडीचा अर्धपुतळा. फोलिओतल्याच लिओनार्ड डिग्जच्या कवितेत त्याचा उल्लेख आहे, म्हणजे १६२३ पर्यंत तो उभा होता. बायको अ‍ॅन ऑगस्ट १६२३ पर्यंत हयात होती, मुलगी सुझॅना १६४९ पर्यंत.

बाकी जे काही आहे, ते सगळं या दोन खुंट्यांना टांगलेलं आहे.

सिसपेन्सिल

चांगला विषय. पण या दोन खुंट्याही वाटतात तेवढ्या घट्ट नाहीत, हे आधी नोंदवून ठेवते.

ड्रूशाउटचं चित्र नीट बघा. डोकं धडाच्या मानाने मोठं आहे. प्रकाश एकाच वेळी दोन-तीन बाजूंनी आल्यासारखा पडलाय. अंगातल्या डब्लेटची (त्या काळच्या घट्ट बसणाऱ्या अंगरख्याची) एक बाजू पुढून पाहिल्यासारखी आहे आणि दुसरी पाठीमागून पाहिल्यासारखी. शिंप्याच्या नजरेने दोन्ही बाह्या एका कपड्याच्या होऊच शकत नाहीत. याचा सरळ अर्थ असा की कोरणाऱ्यासमोर फक्त डोक्याचं रेखाटन किंवा छोटं चित्र असावं आणि धड त्याने स्वतःच्या मनाने जोडलं. म्हणून तुलना करताना कपाळ, नाकाचा बाक, पापण्यांची ठेवण एवढ्यावरच भर द्यावा. खांदे, कॉलर आणि कपडे यांना पुराव्याची किंमत जवळपास शून्य.

मार्टिन ड्रूशाउट नावाचे दोन जण होते, काका आणि पुतण्या. पुतण्याचा जन्म १६०१ चा. कोरणारा तोच असेल (आणि आता बहुतेकांचा कल तिकडेच आहे), तर शेक्सपिअर गेला तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. प्रत्यक्ष बघून काढण्याचा प्रश्न उरत नाही, म्हणजे समोर आधीचं काहीतरी असणारच. ते हरवलं आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: हे चित्र एक नाही. पत्रा छपाईत झिजतो, मग त्यावर पुन्हा कोरतात. अगदी सुरुवातीच्या, हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच प्रतींत मानेखाली कॉलरवर सावली नाही. डोकं ताटलीत ठेवल्यासारखं तरंगतं. छपाई सुरू असतानाच ते कोणाच्या तरी लक्षात आलं आणि कॉलरवर आडव्या रेघांची सावली कोरली गेली. ही दुसरी अवस्था. तिसऱ्या अवस्थेत बुबुळांतली चमक आणि केसांच्या काही रेघा बदलल्या. तोच पत्रा १६३२, १६६३-६४ आणि १६८५ च्या फोलिओंनाही वापरला आणि शेवटच्या वेळी तर चेहराभर नव्याने रेघा मारून तो बराच गडद केला. पुस्तकांत आणि जाळ्यावर दिसणारी बहुतेक छायाचित्रं दुसऱ्या-तिसऱ्या अवस्थेची आहेत. तुलना करणाऱ्याने आपल्यासमोर कोणती अवस्था आहे, हे आधी लिहिलं पाहिजे. बहुतेक जण लिहीत नाहीत.

पुतळ्याचं म्हणाल, तर १७४८-४९ मध्ये त्याची दुरुस्ती झाली, १७९३ मध्ये शेक्सपिअरचा संपादक मॅलोन याच्या सांगण्यावरून तो अख्खा पांढरा रंगवला गेला आणि १८६१ मध्ये पांढरा काढून पुन्हा रंग चढवले. आज दिसणारे डोळ्यांचे, ओठांचे आणि कपड्यांचे रंग एकोणिसाव्या शतकातले. दगडाचा आकार तेवढा जुना.

ओकपाटी

सिसपेन्सिल यांनी अवस्थांचा मुद्दा काढला ते बरं झालं, कारण फ्लॉवर चित्राचा निकाल त्याच्याशी जोडलेला आहे.

फ्लॉवर चित्र रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या संग्रहात आहे. वरच्या कोपऱ्यात शेक्सपिअरचं नाव आणि १६०९ साल. चेहरा, कॉलर, डब्लेट, सगळं ड्रूशाउटसारखं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ते उजेडात आलं तेव्हा अनेक जाणकारांनी ठामपणे सांगितलं की ड्रूशाउटने जे बघून कोरलं ते हेच. साल शेक्सपिअरच्या हयातीतलं, लाकडी फळी जुनी, चेहरा तोच. आणखी काय हवं?

१९६६ मध्ये क्ष-किरण छायाचित्र काढलं, तर खाली दुसरंच चित्र निघालं: मेरी आणि बाल येशू. म्हणजे जुनं धार्मिक चित्र असलेली फळी घेऊन तिच्यावर शेक्सपिअर रंगवला होता. त्यानेही वाद मिटला नाही, कारण १६०९ मध्येही एखादा चित्रकार जुनी फळी वापरू शकला असता. निकाल लागला २००५ मध्ये. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने रंगद्रव्यं तपासली, तेव्हा डब्लेटवरच्या सोनेरी नक्षीत क्रोम पिवळा सापडला. क्रोमियम हे मूलद्रव्यच १७९७ मध्ये सापडलं आणि त्यापासून केलेला पिवळा साधारण १८१४ नंतर चित्रकारांच्या हातात आला. चित्राचा काळ ठरला १८१८ ते १८४०.

इथे एक शंका हमखास निघते: हा पिवळा नंतरच्या डागडुजीचा नसेल कशावरून? ते असं तपासतात. पूर्णविरामापेक्षाही लहान कण सुरीच्या टोकाने उचलतात, शक्यतो आधीच्या तड्याच्या किंवा उडालेल्या रंगाच्या कडेवरून, म्हणजे चित्राला नवी जखम होत नाही. तो कण पारदर्शक रेझिनमध्ये बसवतात आणि कडेने घासून गुळगुळीत करतात. सूक्ष्मदर्शकाखाली मग थर एकावर एक दिसतात: तळाचं अस्तर, रंगाचे थर, वार्निश, वार्निशवरची डागडुजी. क्रोम पिवळा वार्निशच्या वर असता तर ती दुरुस्ती ठरली असती. तो मूळ रंगकामाच्या पोटात होता.

आणि अवस्थांचा मुद्दा: फ्लॉवर चित्रातले तपशील कोरीवचित्राच्या नंतरच्या, दुरुस्त केलेल्या अवस्थेशी जुळतात. मूळ चित्र असतं तर ते पहिल्या अवस्थेच्या जवळ जायला हवं होतं. कोणी कोणाची नक्कल केली, ते एवढ्यावरूनच कळत होतं.

वाटसरू_७

ओकपाटी, फळीचं वय झाडाच्या वलयांवरून नेमकं कसं काढतात? आणि ते कितपत भरवशाचं?

ओकपाटी

वाटसरू, त्या काळची इंग्लंडमधली फळीवरची चित्रं बहुतांशी ओकवर आहेत आणि तो ओक बराचसा बाल्टिक किनाऱ्याकडून आलेला. सावकाश वाढलेलं झाड, त्यामुळे वलयं बारीक आणि सरळ. फळीची वरची किंवा खालची कड धारदार पात्याने हलकेच साफ करून वलयांची रुंदी मोजतात, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत. ओल्या वर्षी रुंद वलय, कोरड्या वर्षी अरुंद. हा क्रम त्या प्रदेशाच्या आधी तयार असलेल्या तक्त्यावर सरकवत नेला की एका जागी तो चपखल बसतो. वलयं कमी असली, पन्नासेकच्या खाली, तर दोन-तीन ठिकाणी बसतो आणि मग काही सांगता येत नाही.

चूक होते ती पुढे. फळीवरचं शेवटचं वलय म्हणजे झाड तोडल्याचं वर्ष नव्हे. सालीलगतचं कच्चं लाकूड किडीला बळी पडतं म्हणून सुतार ते काढून टाकत. त्याची किमान आठेक वलयं धरून मिळवावी लागतात, वर लाकूड वाळवण्याची काही वर्षं. त्यामुळे या चाचणीतून 'या सालाच्या आधी चित्र असूच शकत नाही' एवढंच निघतं. 'या सालानंतर नाही' हे कधीच निघत नाही, कारण जुनी फळी केव्हाही वापरता येते. फ्लॉवर चित्राची फळी या परीक्षेत आरामात पास झाली असती. बातम्यांत 'लाकूड त्या काळचं असल्याचं सिद्ध' असं छापून येतं, ते नेमकं या कारणाने अर्धवट असतं.

कॅनव्हासला तर ही चाचणी लागूच नाही. सगळ्यात प्रसिद्ध असलेलं शँडोस चित्र कॅनव्हासवर आहे, हे लक्षात असू द्या.

सिसपेन्सिल

जुन्या, अस्सल चित्रावर शेक्सपिअर 'चढवणं' हा दुसरा प्रकार. त्यात चित्र खोटं नसतं, माणूस बदललेला असतो. याची उत्तम उदाहरणं वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयात आहेत.

अ‍ॅशबर्न चित्र १८४७ मध्ये पुढे आलं. वय ४७, साल १६११. शेक्सपिअर १५६४ चा, म्हणजे हिशोब बरोबर. १९४० मध्ये बॅरेल यांनी क्ष-किरण आणि अवरक्त छायाचित्रं काढून दाखवलं की खाली दुसरं काहीतरी आहे, आणि निष्कर्ष काढला की तो ऑक्सफर्डचा अर्ल एडवर्ड डी व्हिअर. नाटकं डी व्हिअरने लिहिली असं मानणाऱ्यांचं हे आवडतं चित्र झालं. १९७९ मध्ये साफसफाई झाली. वरचा रंग निघाल्यावर कुलचिन्ह उघडं पडलं: तीन मेंढ्यांची डोकी, म्हणजे ह्यू हॅमर्सलीचं, जो १६२७ मध्ये लंडनचा लॉर्ड मेयर झाला. आणि साल मुळात १६१२ होतं. शेवटचा आकडा बदलून १६११ केला होता. हॅमर्सलीचा जन्म १५६५ चा. १६१२ मध्ये वय ४७. एका आकड्याच्या फेरफारावर शंभरावर वर्षं वाद चालला.

तिथेच यान्सेन चित्र आहे. १७७० मध्ये ते उजेडात आलं तेव्हा त्यावर वय ४६ आणि १६१० साल होतं. इथेही हिशोब तंतोतंत. टक्कल मोठं. १९८८ मध्ये वरचा रंग काढला, तर कपाळावर केस निघाले: टक्कल नंतर रंगवलेलं होतं. टक्कल आणि वय-साल, ज्याला शेक्सपिअर बनवायचा असे तो या दोन ठिकाणी हात घालत असे. म्हणून कुठल्याही नव्या चित्रात आधी तिथेच बघायचं.

कसं बघायचं? दिवा चित्राच्या एका कडेने अगदी तिरपा धरला की रंगाची उंच-सखल पातळी दिसते. जुन्या रंगाला तडे गेलेले असतात. अक्षरं मूळची असतील तर तडा अक्षरातूनही जातो. नंतरची असतील तर अक्षराचा रंग तड्यात उतरलेला किंवा तड्यावरून पुलासारखा गेलेला दिसतो. अतिनील प्रकाशात जुनं वार्निश हिरवट चमकतं आणि त्यावरची डागडुजी काळ्या डागांसारखी उठून दिसते. पण नंतर कोणी वरून पुन्हा जाड वार्निश चढवलं असेल, तर ते सगळंच झाकतं आणि काहीच दिसत नाही. 'अतिनील तपासणीत काही आढळलं नाही' या वाक्यावर त्यामुळे एकट्याने विसंबू नये.

चौकटीबाहेर

यान्सेन निघालंच आहे, तर कॉबबद्दल बोलू या. बरेच जण ते बाजूला सारतात, मला ते पटत नाही.

मार्च २००९ मध्ये शेक्सपिअरचे अभ्यासक प्रा. स्टॅन्ली वेल्स आणि शेक्सपिअर बर्थप्लेस ट्रस्टने ते शेक्सपिअरचं म्हणून जाहीर केलं. डब्लिनजवळच्या न्यूब्रिज हाउसच्या कॉब घराण्याकडे ते पिढ्यानपिढ्या होतं. यान्सेन ही त्याचीच प्रत. त्याच संग्रहात साउदॅम्प्टनच्या अर्लचं चित्र आहे, जे आधी एका बाईचं समजलं जायचं. २००२ मध्ये त्याची ओळख पटली. साउदॅम्प्टन म्हणजे शेक्सपिअरने 'व्हीनस अँड अडोनिस' हे काव्य ज्याला अर्पण केलं तो. आश्रयदात्याचं आणि कवीचं चित्र एकाच घरात, हा नुसता योगायोग म्हणायचा? या चित्राच्या जुन्या प्रतीही अनेक आहेत. एवढ्या प्रती ज्याच्या निघाल्या तो कोणीतरी प्रसिद्ध असणार, आणि त्यांतल्या एकापेक्षा जास्त प्रती शेक्सपिअरच्या नावाने ओळखल्या जात होत्या. वर लॅटिन ओळ आहे, रोमन कवी होरेसच्या काव्यातली, सत्ताधीशांच्या मैत्रीबद्दलची. होरेसची ती कविता पोलिओला उद्देशून आहे, जो नाटकंही लिहायचा.

एका नटासाठी कपडे फार श्रीमंती आहेत, हा नेहमी घेतला जाणारा आक्षेपही मला कमकुवत वाटतो. शेक्सपिअरच्या घराण्याला १५९६ मध्ये कुलचिन्ह मिळालं होतं. पेहरावावर निर्बंध घालणारे कायदे १६०४ मध्ये रद्द झाले. १६१० च्या सुमाराला पैसेवाल्या माणसाने भरजरी डब्लेट घालून बसायला कुठलाच कायदा आडवा येत नव्हता.

फोलिओवाचक

चौकटीबाहेर, कायद्याचा मुद्दा मान्य. कपड्यांवरून 'अशक्य' म्हणता येणार नाही.

पण बाकीची साखळी तपासा. प्रती शेक्सपिअरच्या नावाने ओळखल्या जात होत्या, पण कधीपासून? यान्सेनला ते नाव १७७० ला चिकटलेलं दिसतं आणि त्याचं टक्कल रंगवलेलं निघालं. ज्या प्रतीवर फेरफार केल्याचं सिद्ध झालंय, तिच्या नावाचा आधार घेऊन मूळ चित्राला नाव देणं म्हणजे दुबळ्या दुव्यावर सगळा भार टाकणं. फेरफार करणाऱ्याला टक्कल वाढवावंसं वाटलं, कारण चेहरा होता तसा शेक्सपिअर वाटत नव्हता, हेही त्यातूनच दिसतं.

शिवाय उमेदवार दुसराही आहे. सर टॉमस ओव्हरबरी, ज्याला १६१३ मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत असताना विष घालून मारलं. त्याचं चित्र ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे आणि कॅथरीन डंकन-जोन्स यांनी कॉब चित्रातला माणूस तोच असल्याचा युक्तिवाद केला. सत्ताधीशांच्या मैत्रीपासून सावध करणारी ओळ, राजाच्या लाडक्या दरबाऱ्याचा मित्र होऊन त्या मैत्रीपायी मेलेला माणूस. ही ओळ शेक्सपिअरपेक्षा त्याला जास्त लागू पडते. अनेक प्रती का निघाल्या, याचंही उत्तर मिळतं: ओव्हरबरीच्या खुनाचा खटला सगळ्या देशात गाजला होता.

आणि वय. कॉबमधला माणूस तिशीतला वाटतो, चित्र १६१० च्या आसपासचं. शेक्सपिअर तेव्हा ४६ चा. ओव्हरबरी १५८१ चा.

चौकटीबाहेर

वय चेहऱ्यावरून काढणं धोक्याचं आहे, विशेषतः मागणीवरून काढलेल्या चित्रात. चित्रकार पैसे देणाऱ्याला तरुण दाखवायचाच. आणि ओव्हरबरीशी साम्यही तुम्ही शेवटी डोळ्यांनीच ठरवताय. शेक्सपिअरच्या बाबतीत जी पद्धत चुकीची, ती ओव्हरबरीच्या बाबतीत बरोबर कशी?

फोलिओवाचक

बरोबर नाहीच. म्हणून मी 'ओव्हरबरीच आहे' असं म्हणत नाही, दुसरा उमेदवार तितकाच किंवा थोडा जास्त बसतो एवढंच म्हणतो. ज्या चित्राला दोन माणसं सारखी लागू पडतात, त्याला नाव द्यायला चेहऱ्याबाहेरचा पुरावा लागतो.

ओकपाटी

सँडर्स चित्राबद्दल कोणी लिहिलं नाही. माझ्या मते तांत्रिकदृष्ट्या ते सगळ्यांत स्वच्छ आहे.

कॅनडातल्या एका कुटुंबाकडे ते होतं, २००१ मध्ये गाजलं. ओकची फळी, कोपऱ्यात १६०३ साल. कॅनडाच्या संवर्धन संस्थेने तपासलं: लाकूड, रंग, सगळं काळाशी जुळतं, नंतर चढवलेला चेहरा नाही. मागे कागदाची पट्टी चिकटवलेली होती. आता ती वाचता येत नाही, पण १९०९ मध्ये स्पीलमन या कलासमीक्षकाने तिच्यावरचा मजकूर नोंदवून ठेवला होता: शेक्सपिअरचा जन्म २३ एप्रिल १५६४, मृत्यू २३ एप्रिल १६१६, वय ५२, हे चित्र १६०३ मधलं, तेव्हा वय ३९.

चित्र अस्सल. अडचण पट्टीची आहे. कागदाची किरणोत्सारी कार्बनने तपासणी झाली आणि तो जुना निघाला. पण कार्बन सांगतो ते कागद ज्या चिंध्यांपासून केला, त्यांचं जवसाचं रोप कधी कापलं एवढंच. शाई कधी लागली, हे सांगत नाही. जुन्या वहीचं कोरं पान पुढे कधीही वापरता येतं. आणि मजकुरातच अडचण आहे. शेक्सपिअरचा बाप्तिस्मा २६ एप्रिल १५६४ ला झाल्याची नोंद आहे, जन्मतारखेची नाही. २३ एप्रिल ही जन्मतारीख अठराव्या शतकात रूढ झाली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला कोणी असं नेमकं लिहिलं असेल, तर तो घरातलाच असायला हवा. नाहीतर पट्टी नंतरची.

चित्र १६०३ चं, हे मला पटतं. त्यातला माणूस कोण, ते फक्त त्या पट्टीवर अवलंबून आहे.

सिसपेन्सिल

हे फार महत्त्वाचं आहे. प्रयोगशाळा चित्राला बाद करू शकते, नाव देऊ शकत नाही. क्रोम पिवळा सापडला की फ्लॉवर संपलं. सँडर्समध्ये काहीच वावगं सापडलं नाही, तरी तो शेक्सपिअर होत नाही.

ग्राफ्टनचं तसंच. मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात आहे, वय २४, साल १५८८, शेक्सपिअरच्या वयाशी जुळणारं. पण १५८८ मधला शेक्सपिअर म्हणजे स्ट्रॅटफर्डच्या हातमोजे करणाऱ्याचा मुलगा, तीन लेकरांचा बाप, अजून नाव नसलेला. चित्रातल्या माणसाच्या अंगात कापून आत अस्तर दाखवलेलं उंची लाल डब्लेट. १५६४ मध्ये इंग्लंडात हजारो मुलं जन्मली. वय जुळणं हा ओळखीचा पुरावा होतच नाही. तिथे निर्बंधांचे कायदेही अजून लागू होते, त्यामुळे चौकटीबाहेर यांचा बचाव या चित्राला मिळत नाही.

वाटसरू_७

मग शँडोस? सगळीकडे तेच छापलेलं असतं. त्यात कानात बाळी वगैरे आहे, ते शेक्सपिअरच आहे असं गॅलरीही म्हणते ना?

फोलिओवाचक

वाटसरू, गॅलरी 'बहुधा' म्हणते आणि तो शब्द तिने जपून वापरलाय. त्या चित्राचा दावा चेहऱ्यावर नाही, मालकांच्या साखळीवर उभा आहे, म्हणून ते इतरांपेक्षा वेगळं.

लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीची स्थापना १८५६ ची आणि तिच्या संग्रहातला क्रमांक १ म्हणजे हे चित्र, लॉर्ड एल्समिअरने दिलेलं. १८४८ मध्ये स्टो या हवेलीतल्या वस्तूंच्या लिलावात त्याने ते ३५५ गिनींना घेतलं होतं. त्याआधी शँडोस ड्यूकच्या घराण्याकडे, म्हणून ते नाव. आणखी मागे गेलं की कोरीवकार आणि कलेच्या नोंदी ठेवणारा जॉर्ज व्हर्ट्यू याच्या १७१९ च्या टिपणाशी पोहोचतो. त्यात लिहिलंय की चित्र जॉन टेलरने काढलं, तो नट आणि चित्रकार, शेक्सपिअरचा जवळचा मित्र. ते नाटककार विल्यम डॅव्हेनंटकडे होतं, त्याच्याकडून नट बेटर्टनकडे आलं आणि मग वकील रॉबर्ट केककडे. डॅव्हेनंट १६०६ चा, शेक्सपिअरचा धर्मपुत्र म्हणवला जायचा. शेक्सपिअरला पाहिलेल्या माणसांमध्ये त्याचं आयुष्य गेलं.

साखळीतला कच्चा दुवा: टिपण शेक्सपिअर गेल्यानंतर १०३ वर्षांनी लिहिलेलं आहे आणि डॅव्हेनंट १६६८ मध्येच वारला होता. व्हर्ट्यूने ते केककडून ऐकलं असणार, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या तोंडची गोष्ट. पण टिपणातली नावं मोकाट नाहीत. लंडनच्या चित्रकारांच्या संघात जॉन टेलर नावाचा सदस्य होता. आणि १६९४ च्या आसपास चित्रकार नेलरने या चित्रावरून कवी ड्रायडनसाठी प्रत केली होती, म्हणजे व्हर्ट्यूच्या आधीच जाणकार मंडळी हे शेक्सपिअर म्हणून मानत होती.

२००६ मधल्या मोठ्या प्रदर्शनासाठी टार्निया कूपर आणि सहकाऱ्यांनी जी सहा चित्रं तपासली (शँडोस, फ्लॉवर, ग्राफ्टन, सँडर्स, यान्सेन, सूस्ट), त्यांत शेक्सपिअरचंच आणि त्याच्या हयातीत काढलं गेल्याची सर्वाधिक शक्यता असलेलं हेच ठरलं. सूस्टचं तर काढलंच गेलं १६६७ च्या सुमाराला, पन्नास वर्षांनी, त्यामुळे ते स्पर्धेतच नाही.

सिसपेन्सिल

शँडोसच्या अवस्थेबद्दल भर घालते, कारण त्यावरून तुलना करणारे नेहमी फसतात. चित्र लहान आहे, सुमारे ५५ सेंमी बाय ४४ सेंमी, रंगवलेल्या लंबगोल चौकटीत. अनेकदा घासून साफ केल्यामुळे वरचे पातळ थर झिजले आहेत, त्यामुळे गाल आणि कपाळाच्या मूळ छटा आता नाहीत. केस आणि दाढी नंतर कोणीतरी लांबवली आहे. म्हणजे शँडोसची दाढी घेऊन पुतळ्याशी तुलना करणारा माणूस दुसऱ्याच कोणाची तरी दाढी मोजतोय. कॉलर सैल पडलेली, बंद सुटलेले, कानात सोन्याची बाळी: हा कवी-नटांचा आणि दरबारी तरुणांचा, दोघांचाही तेव्हाचा शौक. बाळीवरून धंदा ठरत नाही.

चौकटीबाहेर

मग तिथेही ओळख पटायला एक १७१९ चं टिपण आणि थोडी तोंडी परंपरा एवढंच. कॉबकडे घराण्याची परंपरा आहे. फरक कुठे?

फोलिओवाचक

फरक ती परंपरा कधी लेखी सापडते यात. शँडोसची १७१९ मध्ये लिहिलेली आहे आणि तिच्यात मधल्या मालकांची नावं आहेत, जी तपासता येतात. कॉब चित्र शेक्सपिअरचं आहे, असं त्या घराण्याच्या कुठल्या जुन्या यादीत लिहिलेलं मिळालं, तर मी लगेच त्याला शँडोसच्या शेजारी बसवीन.

वाटसरू_७

हिलियर्डचं ढगातून आलेला हात धरणाऱ्या माणसाचं लघुचित्र आणि २०१५ मध्ये जेरार्डच्या वनस्पतिकोशाच्या शीर्षकपानावर सापडलेला शेक्सपिअर, या दोन्हींबद्दल?

सिसपेन्सिल

थोडक्यात: हिलियर्डचं लघुचित्र १५८८ चं, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात. अभ्यासक हॉटसनने १९७७ मध्ये ते शेक्सपिअरचं म्हटलं. हिलियर्ड हा राणीचा चित्रकार. ग्राफ्टनवरचा आक्षेप इथे आणखी जोराने लागू होतो. वनस्पतिकोश १५९७ चा, शीर्षकपान विल्यम रॉजर्सने कोरलेलं. मार्क ग्रिफिथ्स यांचा दावा आकृतीखालच्या चिन्हाची उकल करण्यावर उभा आहे. उकल आधी आणि चेहरा नंतर. अशी चिन्हं छापखान्यांच्या खुणांतही सर्रास मिळतात.

वाटसरू_७

शेवटचा प्रश्न. ड्रूशाउटने ज्यावरून कोरलं ते मूळ चित्र उद्या सापडलं, तर ते ओळखायचं कसं?

ओकपाटी

ते ओळखणं शक्य आहे, आणि फ्लॉवरमुळे आपल्याला कसोट्या मिळाल्या आहेत.

ते बहुधा लहान असेल, डोकं आणि कॉलरच्या वरचाच भाग. धड असलंच तर डब्लेट नीट शिवलेलं असेल, दोन्ही बाह्या एकाच कपड्याच्या. ड्रूशाउटची ती विचित्र बाही त्यात आली, तर ती कोरीवचित्रावरूनच आली असं समजायचं. प्रकाश एकाच बाजूने असेल. चेहरा कदाचित कोरीवचित्राच्या उलट दिशेला वळलेला, कारण पत्र्यावर कोरलेलं छापताना उलटतं आणि घाईत असलेला कारागीर आरसा वापरण्याची तसदी घेत नाही. तो वळलेला नसला तरी चालेल, वळलेला असला तर जमेची बाजू. दुसऱ्या अवस्थेत आलेली कॉलरवरची सावली आणि तिसऱ्यातली बुबुळांची चमक त्यात त्याच जागी नसावी.

फळी असली तर कच्च्या लाकडाची वलयं धरून झाड १६१६ च्या आधी तोडता येण्याजोगं असायला हवं. पिवळ्यात शिसं आणि कथिल एकत्र सापडायला हवं; तो पिवळा अठराव्या शतकाच्या मध्यानंतर वापरातून गेला, म्हणजे एकोणिसाव्या शतकातला नकलाकार बहुधा त्यातच पकडला जातो. निळ्यात प्रशियन निळा नको, तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा शोध. आणि कागदावरचं रेखाटन असलं, तर कोरणाऱ्याने आकृती पत्र्यावर उतरवताना बाह्यरेषांवरून टोकदार सुई फिरवलेली असते. तिचे चर तिरप्या प्रकाशात दिसतात आणि त्यांचं माप फोलिओतल्या छापाशी थेट ताडता येतं. ताडताना कागद ओला होऊन वाळताना थोडा आकसतो, त्याची सूट द्यायची. पत्र्याचा छाप ओल्या कागदावर घेत, त्यामुळे प्रतीप्रतीत एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा फरक पडणारच. एकाच प्रतीशी माप लावून 'जुळत नाही' म्हणून टाकून द्यायचं नाही, चार-पाच प्रतींची मापं घ्यायची.